उस्ताद, आपल्या लिंबाचे अनंत उपकार

श्रीमान उस्ताद यांस,


पत्र आपल्या गॅरेजच्या पत्त्यावर न धाडता असं चारचौघांत लिहितो आहे, कारण आपली कीर्ती एका शटरच्या आत मावणारी नाही. पुणे म्हणा, नाशिक म्हणा, कोल्हापूर म्हणा. जिथे म्हणून शनिवार-रविवारी मैदान आखून, मातीचे उंचवटे रचून पोरं मोटारसायकली पळवतात, तिथे आपला शब्द चालतो. टेम्पोत गाड्या घालून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणारी आपली मराठी पोरं एक वेळ पाना घरी विसरतील, पण आपण दिलेला काळा दोरा विसरायची नाहीत. आपलं नाव मी घेत नाही. थोरामोठ्यांचं नाव घेऊ नये असं घरी शिकवलं आहे. शिवाय प्रत्येक पॅडॉकला, म्हणजे रेसच्या गाड्यांच्या तळाला, असा एक उस्ताद असतोच, तेव्हा ज्याला त्याला आपापले बरोबर आठवतील.

सर्वांत आधी आभार मानतो ते आपल्या महावाक्याचे. 'ताजी बनवलेली गाडी पहिल्या रेसला पाडतेच.' केवढा मोठा आधार आहे हा! रात्री दोन वाजेपर्यंत जागून इंजिन बांधायचं, हेड बसवायचं, चेन चढवायची, पहाटे गाडी टेम्पोत घालायची, आणि ती पडली की कुणी कुणाला काही विचारायचं नाही. पाडणारच होती. आपण आधीच सांगून ठेवलं होतं. काम करण्याआधीच कामाची माफी घेऊन ठेवणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आपण घालून दिलेल्या नियमांबद्दलही कृतज्ञ आहे. अमावस्येला इंजिन उघडायचं नाही. शनिवारी नवं लोखंड गाडीला लावायचं नाही. आता प्रॅक्टिस आणि क्वालिफाइंग शनिवारीच असतं, आणि तेव्हा मोडलेला लिव्हर बदलायचा तर रविवार उजाडायची वाट बघायची, ही किरकोळ अडचण. गाडीचा नंबर 13 नको, कारण तो विलायती अशुभ. 8 नको, कारण तो शनीचा. आणि ज्यांची बेरीज 8 येते तेही नकोत. नवा सूट अंगावर चढवून रेस मारायची नाही. 'हा शेवटचा लॅप' असं तोंडातून काढायचं नाही. आणि धुतलेली गाडी ग्रिडवर न्यायची नाही, कारण चकाकणाऱ्या गाडीला नजर आधी लागते.

या शेवटच्या नियमासाठी तर आपला सत्कारच करायला हवा. गाडी धुताना हात प्रत्येक बोल्टवरून फिरतो. फ्रेमच्या जोडाजवळ केसाएवढी भेग असेल तर ती चिखल निघाल्यावरच दिसते. गॅस्केटमधून तेल झिरपत असेल तर तिथेच धूळ चिकटून काळा पट्टा उमटतो, तो पुसल्यावर ओला डाग कुठून सुरू होतो ते कळतं. मोठ्या टीममध्ये दर सेशननंतर गाडी पुसतात ती शोभेसाठी नव्हे. आपण मात्र चिखलाचं कवच राखून ठेवता. खरंच आहे, न दिसलेल्या भेगेला कुणाची नजर लागणार?

आणि तो पहिला ओरखडा! नवी फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं आवरण, बसवली की आपण स्वतःच्या हाताने, खिशातल्या किल्लीने, एका कडेला रेघ ओढता. गाडीचं 'पहिलं पडणं' त्यात फिटलं, असं पोरांना सांगता. पोरं माना डोलावतात. त्या फेअरिंगसाठी त्यांनी ओव्हरटाइम केलेला असतो, पॉकेटमनी साठवलेला असतो, एकाने तर आपली रोजची स्कूटर विकली. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करून, कॉलेज सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन रेस मारणारी ही पोरं आहेत. त्यांच्यामागे टीम नाही, स्पॉन्सर नाही. त्यांच्यामागे एक आपणच आहात. म्हणून तर हे लिहावं लागतंय.

लिंबू-मिरचीच्या आपल्या कौशल्याविषयी थोडं सविस्तर लिहायची परवानगी असावी. आमच्या पॅडॉकमधल्या एका पोराच्या गाडीला आपण जे लिंबू बांधलं होतंत ते मी जवळून पाहिलं. बारीक तार नव्हे, चांगला जाड सुती दोरा. हँडलबारच्या मधोमध गाठ, आणि दोऱ्याचं उरलेलं टोक थ्रॉटलच्या केबलभोवती दोन वेढे घेऊन आत खोचलेलं, बहुधा लोंबू नये म्हणून. हँडल सरळ असताना सगळं ठीक. डावीकडे पूर्ण वळवलं की दोरा ताणला जायचा, केबल ओढली जायची, आणि हात न लावता इंजिनाचा आवाज चढायचा. स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीला, प्रत्येक गाडीचं हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून थ्रॉटल सोडून बघतात, तो आपोआप मिटला पाहिजे, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच असेल, लिंबू स्क्रुटिनी झाल्यावर बांधायचं, असा आपला दंडक आहे. मुहूर्ताची एवढी बारीक जाण पंचांगकर्त्यांनाही नसेल.

ते मी कात्रीने कापलं. आपण रागावलात. 'आता काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही,' असं म्हणालात. पोराचा चेहरा उतरला. बारावी होऊन पहिलंच वर्ष, पहिलीच रेस, आणि दोन वडीलधारी माणसं त्याच्या गाडीशेजारी उभं राहून भांडताहेत.

मग तो प्रॅक्टिसला गेला, आणि पहिल्याच वळणावर सरळ कठड्यात घुसला.

गळपट्टीचं हाड मोडलं. आपण धावत आलात, हे कबूल करतो. डोळ्यांत पाणी होतं आपल्या, हेही पाहिलं. पण तो स्ट्रेचरवर असताना आपण माझ्याकडे बघून जे म्हणालात, 'बघा, लिंबू काढलंत ना?', त्याबद्दल आपले आभार कसे मानावेत हे मला अजून सुचलेलं नाही.

कारण गाडी उचलून पॅडॉकमध्ये आणल्यावर मी तिचा पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर थेट ग्रिपला टेकला. पुन्हा दाबला, थोडा वर थांबला. आणखी दोन-चारदा दाबल्यावर दगडासारखा कडक. तेल गळलेलं नव्हतं, पाइप फाटलेला नव्हता, हवा शिरलेली नव्हती. आदल्या रात्री आपण नवे ब्रेक पॅड घातले होते. नवे पॅड जाड असतात, ते बसावेत म्हणून कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकलावे लागतात. मग पिस्टन, पॅड आणि डिस्क यांच्यात फट राहते. पहिल्यांदा लिव्हर दाबला की सगळं तेल ती फट भरण्यात खर्ची पडतं, डिस्क पकडलीच जात नाही. म्हणून पॅड बदलले की चाक जमिनीला टेकण्याआधी लिव्हर पंप करून कडक करायचा, हे गॅरेजमधल्या नव्या पोऱ्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. दहा सेकंदांचं काम. पॅडॉकमध्ये तो हळू चालवत होता, चिखलात सगळेच मागचा ब्रेक वापरतात, म्हणून त्याला कळलं नाही. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल, समोर वळण, आणि बोटांखाली रिकामा लिव्हर.

उस्ताद, आपल्या भाषेत याला नजर म्हणतात. मी आजवर ऐकलेल्या नजरांमध्ये ही सर्वांत सोयीची. ती नेहमी दुसऱ्याची असते.

गाड्या बनवणाऱ्यांच्या या आपल्या परंपरेला परदेशातही भाऊबंद आहेत, हे सांगितलं तर आपल्याला आनंद होईल. आइल ऑफ मॅन नावाच्या बेटावर फेअरी ब्रिज म्हणून एक लहानसा पूल आहे, त्यावरून जाताना पऱ्यांना नमस्कार केला नाही तर रेस बिघडते असं तिथले रायडर मानतात. त्याच बेटावर हौशी रेसरांसाठी 1923 साली सुरू झालेली स्पर्धा आज मँक्स ग्रां प्री नावाने होते. सुमारे 60 किलोमीटरची एक फेरी, तीही घरांच्या भिंती आणि दगडी कुंपणांमधून जाणाऱ्या गावरस्त्यांवर. पऱ्यांना नमस्कार करून ती माणसं गाडी ढकलत स्क्रुटिनीच्या रांगेत उभी राहतात. परीने स्क्रुटिनीचा शिक्का मारल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

आपल्या भिंतीवर व्हॅलेंटिनो रोसीचं पोस्टर आहे. नऊ वेळा जगज्जेता. पिटमधून निघण्याआधी तो गाडीच्या उजव्या बाजूला उकिडवा बसायचा, फूटपेग हातात धरायचा, मान खाली घालायचा, तेच ते चित्र. आपण प्रत्येक पोराला ते दाखवून सांगता, 'बघ, एवढा मोठा माणूसही मानतो.' अगदी खरं. फक्त त्या पोस्टरमध्ये न आलेला एक माणूस आपल्याला दाखवावासा वाटतो. 2000 ते 2013 पर्यंत रोसीच्या गाडीची जबाबदारी जेरेमी बर्जेस नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांकडे होती. त्याआधी मिक डूहन या रेसरची गाडीही तेच सांभाळत. रोसी फूटपेग धरून मान खाली घालायचा तेव्हा त्या फूटपेगचा बोल्ट बर्जेसच्या माणसांनी टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळलेला असायचा. आपण रोसीचं वाकणं तेवढं उचललंत, बर्जेसचा टॉर्क रेंच तिथेच ठेवलात.

आपल्याकडे टॉर्क रेंच आहे, हे मी जाणतो. गेल्या खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घातलेला पाहिला. हळदकुंकू वाहिलेलं होतं, समोर उदबत्ती होती. दृश्य सुंदर होतं, आणि हे मनापासून लिहितो. हत्याराची पूजा करणारी माणसं हत्याराला जपतात अशी माझी समजूत आहे, माझ्या वडिलांनीही आयुष्यभर लेथ मशीनला हार घातला. पण ते दुसऱ्या दिवशी मशीन चालवायचे. आपल्या रेंचवरचं कुंकू पावसाळ्यापर्यंत तसंच होतं, उस्ताद. 'हाताला अंदाज आहे' म्हणून मागच्या चाकाचा ॲक्सल आपण लांब पाइप लावून आवळता आणि तेल सोडायचा बोल्ट छोट्या पान्याने. पहिल्याचे आटे ताणले जातात, दुसरा सैल राहतो.

या दुसऱ्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्यात आपले उपकार आपल्या गिऱ्हाइकापुरते राहिले नाहीत.

डांबरी ट्रॅकवर उतरणाऱ्या गाडीच्या तेलाच्या बोल्टला, फिल्टरला, तेल भरायच्या झाकणाला लॉकवायर लागते. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवायची, पिळायची आणि शेजारच्या पक्क्या भागाला अशी बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला उलट आवळण्याच्या दिशेने ओढेल. इंजिन फुटलं तर तेल रस्त्यावर सांडू नये म्हणून खालची फेअरिंग परातीसारखी बंद ठेवायला लावतात. रेडिएटरमध्ये साधं पाणी, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं की सुकत नाही आणि साबणासारखं घसरवतं. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचं टोक गोळ्यासारखं गोल, निदान 16 मिलिमीटर, म्हणजे पडताना ते कुणाच्या मांडीत घुसणार नाही. यातला एकेक नियम कुणाच्या तरी मोडलेल्या हाडावरून आलेला आहे.

आपल्याच हातची दुसरी एक गाडी आठवत असेल. तारेचा शो केला होतात, बोल्टला भोक नव्हतंच. तार नुसती वरून गुंडाळलेली. स्क्रुटिनीच्या गडबडीत ते सुटलं. चौथ्या लॅपला बोल्ट पडला, तेल मागच्या टायरवर आणि टायरवरून सगळ्या रेसिंग लाइनवर. ज्याची गाडी होती तो घसरला आणि गवतात जाऊन थांबला. त्याच्या मागचा मुलगा त्याच तेलावरून गेला. त्याच्याही मागचा गेला. मार्शलनी पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा झेंडा दाखवेपर्यंत तिघे पडले होते. संध्याकाळी मार्शल गुडघ्यांवर बसून त्या डांबरावर सिमेंट चोळत होते आणि आपण समजावत होता की त्या गाडीचा नंबरच वाईट होता, अंकांची बेरीज 8.

मागून येणाऱ्या मुलांचे नंबर काय होते ते आपण विचारलं नाहीत. त्यांनी आपल्याला एक रुपया दिलेला नव्हता, आपल्याकडून दोरा बांधून घेतला नव्हता, आपल्या मुहूर्तावर त्यांची गाडी बनली नव्हती. तरी त्यांना फळ मिळालं. एवढी उदार श्रद्धा क्वचितच बघायला मिळते.

आता एक प्रांजळ गोष्ट. आपलं ते महावाक्य, ताजी गाडी पाडतेच, मी खोटं मानत नाही. आपण ज्या गोष्टीवर लिंबू बांधलंत ती गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच माझा एवढा जळफळाट होतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाईदलाचा कोस्टल कमांड हा विभाग जर्मन पाणबुड्या शोधायला विमानं उडवत होता. 50 तास उड्डाण झालं की विमान उघडून तपासायचं, अशी पद्धत होती. सी. एच. वॉडिंग्टन नावाचे शास्त्रज्ञ, मुळात जीवशास्त्राचे, तिथे कामाला होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिघाडांच्या नोंदी तासांप्रमाणे मांडून पाहिल्या. आपली अपेक्षा अशी की तपासणी झाल्याझाल्या विमान सर्वांत निरोगी आणि मग हळूहळू बिघाड वाढत जाणार. निघालं उलटं. अचानक होणारे बिघाड तपासणीनंतर लगेच सर्वांत जास्त, आणि तास वाढत जातील तसे कमी. ताजं तपासलेलं विमानच जास्त बिघडत होतं! 1973 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे.

म्हणजे आपण जे पाहिलंत तेच त्यांनी पाहिलं. त्यांनी विमानाच्या शेपटीला मिरच्या बांधल्या नाहीत, एवढाच फरक. उघडलेली वस्तू हलते, निघालेला नट परत बसताना कुठेतरी चुकतो, चालत असलेला भाग विनाकारण हाताळला जातो, हे त्यांनी ताडलं. मग दोन तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, गरज नाही ते उघडणं बंद केलं. विमानं जास्त वेळ हवेत राहू लागली.

आमच्या गाड्यांत हेच होतं आणि कारणं एकेक करून मोजता येतात. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, दोन-तीन फेऱ्या हळू मारून तो घासल्याशिवाय पकड येत नाही.  नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ घेतात. नवीन रिंगा सिलिंडरमध्ये बसायच्या असतात. गॅस्केट बदललं की इंजिन एकदा तापून निवल्यावर हेडचे नट पुन्हा बघावे लागतात. चेन नवी असली की पहिल्या तासात ताणते. गाडी स्टँडवर असताना चेन ताठ केली तर सस्पेन्शन दबल्यावर ती आणखी ताठ होते आणि मागच्या चाकाला जखडते. रेसच्या आदल्या रात्री यातली सगळी कामं एकदम केली आणि सकाळी थेट ग्रिडवर नेली, तर गाडी पाडणार नाही तर काय करणार? रेसच्या आधी निदान आठवडाभर काम संपवायचं, मोकळ्या मैदानात अर्धा तास चालवायची, परत आणून प्रत्येक नटावर हात फिरवायचा. 'ताजी गाडी नेऊ नये' या वाक्याचा एवढाच अर्थ आहे, आणि तो फार मोलाचा अर्थ आहे. तो आपल्या हातात होता. आपण तो पोरांना द्यायचा सोडून दोरा दिलात.

आपल्या हातात विद्या आहे, हे मी वरवर म्हणत नाही. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते आपण सांगता आणि उघडल्यावर तेच निघतं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. असा कान शिकवून येत नाही. ज्या माणसाला बेअरिंगचं दुखणं ऐकू येतं त्याने 'नजर' म्हणावं, याचं मला दुःख होतं. राग नंतर येतो.

मुलींच्या बाबतीत आपण दाखवलेल्या काळजीचाही उल्लेख राहू नये. पोराची थोरली बहीण पॉलिटेक्निकला आहे, हात चांगला चालतो तिचा. चेनची ढील मोजायला ती गाडीशेजारी बसली तर आपण तिला हात लावू दिला नाहीत. बाईमाणसाचा हात लागला की ताजी गाडी बिथरते म्हणे. ती गप्प उठून टेम्पोत जाऊन बसली. 2019 साली बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने बाहा म्हणजे क्रॉस-कंट्री रेसांचा, एफआयएम या जागतिक मोटारसायकल संघटनेचा महिला जागतिक करंडक जिंकला. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची गाडी बिथरली नाही. पोराच्या बहिणीला त्या दिवशी हात लावू दिला असतात, तर ती ब्रेक दाबून बघणारच होती. ती प्रत्येक गाडीचा आधी ब्रेक दाबून बघते. त्याला हाड मोडून घ्यावं लागलं नसतं.

आणि आता शेवटचे, सर्वांत मोठे उपकार. त्या अपघातानंतर आपण पॅडॉकमध्ये त्या पोराला नाव दिलंत. पनवती. थट्टेत म्हणालात, मी मान्य करतो. पण पोरं ते धरून बसली. आता त्याच्या शेजारच्या पिटमध्ये कुणी उभं राहत नाही. त्याच्याकडून कुणी पाना उसना घेत नाही. एकाने त्याला तोंडावर सांगितलं, आमची गाडी ताजी बनवलीय, तू जरा लांब थांब. अठरा वर्षांच्या मुलाने ते हसून ऐकून घेतलं आणि घरी जाऊन हेल्मेट माळ्यावर टाकलं. आईला म्हणाला, माझ्या नशिबातच नाही. लिव्हर पंप न केल्याचा दोष नजरेला, नजरेचा दोष लिंबू कापणाऱ्याला आणि उरलेला सगळा त्याच्या नशिबाला, असं आपण वाटून टाकलंत. आपल्या वाट्याला काहीच शिल्लक राहिलं नाही.

त्याच्या वडिलांनी आपलं बिल मला दाखवलं. पॅड, तेल, गॅस्केट, मजुरी, आणि खाली वेगळ्या ओळीत 'नजर, 501'. वडील रिक्षा चालवतात. त्यांनी ते पैसे आनंदाने दिले होते, कारण त्यांना वाटलं मुलाच्या जिवाची काळजी घेणारं कुणीतरी आहे.

तेव्हा चरणी काही विनंत्या आहेत. पूजा करा, हार घाला, नारळ फोडा, आम्हीही हात जोडून उभे राहू. लिंबू बांधायचंच असेल तर टेम्पोच्या बंपरला बांधा, गाडीच्या केबलला नको. गॅरेजच्या भिंतीवर रोसीच्या शेजारी एक कागद लावा: पॅड, लिव्हर, ॲक्सल, तेलाचा बोल्ट, चेन, थ्रॉटल दोन्ही टोकांना. ज्याने तपासलं त्याने सही करायची, आणि दुसऱ्याने पुन्हा तपासून त्याच्याखाली. बहीण करेल ती दुसरी सही, मी तिला विचारलं आहे. गाडी पडली तर त्या कागदावर का पडली ते लिहायचं. वर्षभराचे कागद झाले की आपल्याला आपोआप दिसेल कुठल्या ओळीवर गाड्या पडतात.

आणि एक काम मात्र माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. पोराचा पट्टा निघाला आहे, हात वर जायला लागला आहे. त्याला गॅरेजवर बोलवा. रविवारी सकाळी बोलवा, जेव्हा बाकीची सगळी पोरं तिथे चहाला असतात. आणि त्यांच्यासमोर त्याला सांगा की पॅड मी बदलले होते आणि लिव्हर पंप करायचा माझ्याकडून राहिला होता. यापुढे काही बोलू नका, नशीब-बिशीब काढू नका. तो हेल्मेट माळ्यावरून काढतो की नाही ते त्याचं तो बघेल.

कळावे,
आपल्याच पॅडॉकमधला एक